पातेली कोणाची, माणसे कोणाची

मराठीत कामगारांविषयी लिहायचे म्हटले की लेखणी आपसूक गिरणगावाकडे वळते. १९८२ चा संप, डॉ. दत्ता सामंत, मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला बहाल केलेले प्रतिनिधित्व, पुढे ओसाड पडलेल्या गिरण्या आणि जयंत पवारांचे 'अधांतर'. हे सारे लिहिले गेले ते योग्यच झाले. पण त्यामुळे एक सवय जडली. कामगार म्हटला की भोंगा, चाळ आणि साचा एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि गिरण्या संपल्या त्या दिवशी कामगारही संपला असे आपण जवळजवळ गृहीत धरून बसलो. पेण ते रोहा ह्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे गृहीतक रोज खोटे ठरताना दिसते. गडब, डोलवी, कासू, नागोठणे, धाटाव ह्या नावांना साहित्यात स्थान नसेल, परंतु कामगार कायद्याच्या इतिहासात त्यांतील एका नावाला निश्चित आहे. गडबहून महामार्गाने दक्षिणेला निघालेला माणूस थोड्याच वेळात नागोठण्याला पोहोचतो. तेथल्या एका कारखान्याच्या स्वयंपाकघरावरून झालेला तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये त्याचा निकाल लागला.

इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन लिमिटेड विरुद्ध श्रमिक सेना हे त्या खटल्याचे नाव. निकालपत्रे ही वकिलांनी वाचायची गोष्ट, असा एक समज आपल्याकडे आहे. आमच्या मते काही निकालपत्रे साहित्याच्या वाचकानेही वाचावीत, कारण मराठी कथेने ज्यांच्याकडे फारसे पाहिले नाही अशी माणसे आणि अशा वस्तू तेथे नोंदलेल्या सापडतात. ह्या निकालात तर भांडीकुंडीच आहेत.

प्रकरण असे. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४६ प्रमाणे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह चालविण्याची जबाबदारी मालकावर टाकता येत असे. नागोठण्याच्या कारखान्यात असे कॅन्टीन होते. कंपनी त्या वेळी केंद्र सरकारची. कॅन्टीन मात्र ठेकेदाराकडून चालविले जाई. तेथे स्वयंपाक करणारे, वाढणारे, भांडी घासणारे कामगार म्हणत होते की आम्ही कंपनीचेच आहोत. कंपनी म्हणत होती की तुम्ही ठेकेदाराचे. उच्च न्यायालयात रिट याचिका झाली, तेथे कामगार जिंकले, आणि कंपनी दिल्लीला अपिलात गेली.

सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रश्न होते. पहिला कायद्याचा: कॅन्टीन चालविणे ही मालकाची वैधानिक जबाबदारी आहे एवढ्यावरून तेथील माणसे आपोआप त्याची नोकर ठरतात काय? १९९५ सालच्या आयुर्विमा महामंडळाच्या कॅन्टीनच्या निकालातील विवेचनावरून बऱ्याच जणांना तसे वाटू लागले होते. न्यायालयाने सांगितले की नाही. अशी माणसे कारखाना अधिनियमाच्या कामापुरती त्या कारखान्यातील कामगार. इतर सर्व बाबतींत ती तशी आहेत असे त्यावरून ठरत नाही. म्हणजे कामाचे तास आणि सुट्टी मोजायला तो कारखान्याचा, पण वेतनश्रेणी आणि निवृत्ती मागू लागला की परका. हा भाग आम्हांस तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. एकाच माणसाला एका कायद्यात घरचा आणि दुसऱ्यात पाहुणा ठरविण्याची ही युक्ती तर्कशास्त्राच्या वर्गात कदाचित खपेल. भांडी घासणाऱ्याला ती समजावून सांगणे अवघड आहे.

पण न्यायालय तेथे थांबले नाही. दुसरा प्रश्न वस्तुस्थितीचा होता. कायद्याने आपोआप ठरत नसले, तरी ह्या कॅन्टीनमध्ये प्रत्यक्षात कोण कोणाचे? हे पाहण्यासाठी न्यायालयाने कागदपत्रांतून गोष्टी वेचल्या. कारखाना सुरू झाला तेव्हापासून कॅन्टीन आहे. कामगार वर्षानुवर्षे तेथे आहेत. ठेकेदार बदलले, माणसे तीच राहिली. जागा, सामानसुमान, इंधन, वीज, भांडी हे सारे कंपनीचे. कामगारांच्या वेतनाची भरपाई कंपनीच करते. देखरेख आणि नियंत्रण कंपनीच्या अधिकाऱ्याचे, आणि तेही कंपनी व ठेकेदार यांच्यातील कराराच्या कलमांवरूनच दिसते. तेव्हा ठेकेदार हा कंपनीच्या हुकमतीखाली काम करणारा तिचा हस्तक किंवा व्यवस्थापक, याहून अधिक कोणी नव्हे. ह्या सर्वांवरून न्यायालयाने म्हटले की ही माणसे कंपनीचीच आहेत, आणि काही अटींवर त्यांना सामावून घ्यावे असा आदेश दिला.

ह्या यादीत 'शोषण' हा शब्द लागत नाही, 'न्याय' हाही फारसा लागत नाही. चूल कोणाची, सरपण कोणाचे, पातेली कोणाची, हुकूम कोणाचा, आणि ठेकेदार गेला तरी मागे कोण उरले, एवढेच विचारले आहे. आमच्या मते कामगार न्यायशास्त्रातील हा सर्वांत प्रामाणिक प्रश्नसंच आहे. त्याआधी १९७८ मध्ये केरळातील हुसेनभाई प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी पडदा बाजूला सारून खरा मालक शोधावा हे तत्त्व मोठ्या आवेशाने मांडले होते. नागोठण्याच्या निकालात आवेश नाही, पण पडदा कसा सारायचा ह्याची कृती आहे.

आता ह्या प्रश्नाचे आमच्या मातीशी नाते आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल. हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असताना, १९३३ ते १९३९ ह्या काळात, अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संपाच्या अखेरीस, १९३९ मध्ये, कुळांना काही संरक्षण देणारा कायदा आला. १९४८ मध्ये अधिक पक्का कुळकायदा झाला. आणि १ एप्रिल १९५७ ह्या कृषक दिनी कसणारा कायद्याने जमिनीचा खरेदीदार ठरला. आमच्या भागातील पुष्कळ घरांच्या सातबाऱ्याची कहाणी तेथून सुरू होते.

१९४८ च्या कायद्याचे कलम ४ आम्हांस विशेष वाटते. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो कूळ मानला जाईल, असे ते कलम म्हणते. करारपत्र असले पाहिजे असे ते म्हणत नाही. मालक स्वतः जमीन कसत नसेल, आणि कसणारा हा मालकाच्या कुटुंबातला, त्याच्या देखरेखीखालचा मजुरीवरचा गडी किंवा ताबेगहाणदार नसेल, तर तो कूळ. खंडाची पावती नाही, चिठ्ठी नाही, खोताच्या वहीत नाव नाही, तरी नांगर कोणाचा चालला ते पाहायचे. कागदापेक्षा हाताकडे पाहणारा असा हा कायदा होता.

ह्यावर जमीनमालकांनी काय केले ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. कलमातील अपवादाचा दरवाजा त्यांनी ओळखला. कुळाच्या दाव्यात मालकाचे ठराविक म्हणणे असे की हा कूळ नव्हेच, हा आमचा गडी, मजुरीवर राबतो. गडी ठरला की कुळाचा हक्क गेला. पुष्कळांचा तसा गेलाही. कित्येकांकडून 'राजीखुशीने' जमीन सोडल्याचे अंगठे घेतले गेले. शिवाय जो खरोखरच गडी होता, त्याला ह्या कायद्याने काहीच दिले नाही, हेही विसरता कामा नये. भूमिहीन मजुराचा प्रश्न कुळकायद्याने सोडवला नाही, त्याला वगळले.

आणि आता नागोठण्याकडे पाहावे. १९५० च्या दशकात मालक शपथेवर सांगत होता की हा माझा नोकर आहे. १९९० च्या दशकात मालक शपथेवर सांगतो की हा माझा नोकर नाही. चाकरीचे नाते कबूल करण्यात फायदा होता तेव्हा ते कबूल केले गेले, नाकारण्यात फायदा आला तेव्हा नाकारले गेले. तेव्हाची माणसे आणि आताची माणसे पुष्कळदा एकाच घरातली. आजा कूळ की गडी ह्यावर मामलेदाराच्या कचेरीत वाद, नातू कायम की कंत्राटी ह्यावर औद्योगिक न्यायालयात. दोन्ही वेळा कागद मालकाच्या कपाटात.

फरक असा की कुळकायद्याने गृहीतक कसणाऱ्याच्या बाजूने ठेवले होते. तो कसतो हे दिसले की पुढे तो गडी आहे, कूळ नव्हे, हे दाखविण्याचा भार प्रत्यक्षात मालकावर येई. कामगार कायद्याने असे गृहीतक कधी धरलेच नाही. नागोठण्याच्या निकालाने ते धरायला सुरुवात होईल अशी आशा होती. तसे झाले नाही, आणि पुढची वाट उलट दिशेने गेली.

ही वाट कशी गेली ते पाहू. १९९६ मध्ये एअर इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सरकारने एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी घातली की ते काम करणारे कामगार आपोआप मुख्य मालकाचे होतात. मुंबईत सफाईचे काम करणाऱ्यांचे ते प्रकरण. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने हे मत रद्द केले. आपोआप सामावून घेणे नाही. कंत्राट खोटे आहे, केवळ आडपडदा आहे असे सिद्ध झाले तरच कामगार मुख्य मालकाचे ठरतील. आणि ते सिद्ध करायचे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे, पुरावा देऊन. घटनापीठाने वैधानिक कॅन्टीनचा प्रकार वेगळा म्हणून नोंदवला होता हे खरे, पण रिट याचिकेची वाट त्या दिवसापासून अरुंद झाली. नागोठण्याचे कामगार ज्या दारातून आत गेले ते हेच दार होते. शिवाय ते दार उघडण्याचे एक कारण असे की कंपनी सरकारची होती. २००२ मध्ये तिचे नियंत्रण रिलायन्सकडे गेले आणि २००७ मध्ये ती त्या समूहात विलीन झाली. आज तशाच कॅन्टीनमधील माणसाला त्याच वाटेने जायचे म्हटले तर पहिल्याच पायरीवर त्याला परत पाठविले जाईल.

त्याच २००१ मध्ये महाराष्ट्रातले दुसरे दारही बंद झाले, आणि हे अधिक लागले. आपल्या राज्यात १९७१ चा एक कायदा आहे, कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा. कामगारांना सरकारकडे हात न पसरता थेट न्यायालयात तक्रार नेता येते, हा त्याचा मोठा गुण. वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते म्हणून राबवून कायमपणाचे हक्क नाकारणे ही त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. वाचणाऱ्याला वाटेल की कंत्राटी कामगारासाठीच हे लिहिले. पण कल्याणी स्टील्सच्या कॅन्टीनमधील कामगारांच्या प्रकरणात आणि नंतर सिप्लाच्या साफसफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ह्या कायद्याखाली तक्रार करायची तर मालक-नोकर हे नाते वादातीत हवे. वाद असेल तर आधी औद्योगिक विवाद कायद्याने तो मिटवून या. २००३ मध्ये सर्व श्रमिक संघाच्या प्रकरणात हेच पुन्हा पक्के झाले.

ह्या युक्तिवादाला काही आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. तक्रारीच्या झटपट चौकशीत करारामागचे सत्य शोधणे कठीण, हे समजू शकते. परंतु परिणाम पाहावा. मालकाने 'हा माझा नव्हे' एवढे उच्चारले की नाते वादग्रस्त झाले, आणि वाद उत्पन्न झाला म्हणून न्यायालयाचा अधिकार गेला. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच नकाराने न्यायालयाचे दार लागते. मग कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे जायचे, समेट झाला नाही की सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे सोपवायची वाट पाहायची, मग पुरावा, मग उच्च न्यायालय. एवढ्या काळात ठेका किती वेळा बदलतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दोन झाडूंची तुलना करून पाहावी. एस.टी. च्या गाड्या साफ करणाऱ्या कामगारांच्या कास्ट्राईब संघटनेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याच १९७१ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाने दिलेले कायमपण टिकविले. सरकारी नोकरीत मागच्या दाराने कायम करता येत नाही असे सांगणारा २००६ चा उमादेवी निकाल आड येऊ दिला नाही. कारण महामंडळाने ती माणसे स्वतः लावली होती. सिप्लात फरशी झाडणाऱ्याला ते मिळाले नाही, कारण मध्ये एक कंत्राटदार उभा होता. झाडू तोच, धूळ तीच.

२०१४ मध्ये पुन्हा कॅन्टीनच न्यायालयापुढे आले. बलवंतराय सलुजा विरुद्ध एअर इंडिया. दिल्लीतले कॅन्टीन, चालविणारी कंपनी एअर इंडियाच्याच गोतावळ्यातली. आधीच्या दोन न्यायमूर्तींत एकमत झाले नव्हते, म्हणून तिघांच्या पीठाने ऐकले. नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तीची कारवाई कोण करतो, नोकरी सलग आहे का, नियंत्रण किती, अशा सहा कसोट्या पीठाने सांगितल्या. आणि नियंत्रण परिणामकारक व संपूर्ण हवे असे म्हटले. कामगार हरले. ह्या कसोट्या नागोठण्याच्या यादीशेजारी ठेवून वाचाव्यात अशी आमची विनंती आहे. पहिल्या चार कसोट्यांची उत्तरे कागदावर असतात, आणि कागद ज्याने तयार केला त्याला हवी तशी असतात. नेमणूकपत्रावर ठेकेदाराची सही, पगार त्याच्या खात्यातून, काढून टाकल्याची चिठ्ठी त्याची. १९९९ च्या यादीत चूल, पातेली आणि वर्षे होती. २०१४ च्या यादीत मुख्यतः सह्या आहेत. निकाल वकील वाचतात. नागोठण्यानंतर लिहिलेल्या कंत्राटात भांडी ठेकेदाराच्या नावावर दाखविणे एवढे काही कठीण नव्हते. माणसे आणि वर्षे मात्र तशी कोणाच्या नावावर सरकवता येत नाहीत, म्हणून त्यांचे वजनच कमी करण्यात आले असे वाटते.

आणि आता संहिता. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत कामगाराला काहीच मिळाले नाही असे सरसकट बोलणे आम्ही टाळू. औद्योगिक संबंध संहितेने समेट फसल्यावर सरकारच्या मर्जीची वाट न पाहता थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा दिली, ही जुनी मागणी होती. व्यावसायिक सुरक्षा संहितेने प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले, आणि कॅन्टीनसाठी लागणारी कामगारसंख्या शंभरावर आणताना त्यात कंत्राटी कामगारही मोजले. हे चांगलेच आहे. अर्थात त्याच कायद्यात कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्याचा आकडा वीसचा पन्नास झाला आहे, आणि तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपात करण्यासाठी वा कारखाना बंद करण्यासाठी परवानगीची गरज उरलेली नाही.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट वेगळी. संहितेने मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे, आणि मुख्य काम कोणते नव्हे ह्याची यादी दिली आहे. साफसफाई, पहारा, मालाची चढउतार, बागकाम ह्यांच्या रांगेत कॅन्टीन आणि खानपान सेवा आहे. म्हणजे शंभर माणसे झाली की मालकाने जेवणाची सोय केलीच पाहिजे असे एक कलम म्हणते, आणि ते जेवण शिजविणे हे कारखान्याचे मुख्य काम नव्हे असे दुसरे. दोन्ही विधाने शब्दशः खरी आहेत. पॉलिमर बनविणारा कारखाना वरण बनविण्यासाठी उभारलेला नसतो हे कोण नाकारील? प्रश्न काम मुख्य की दुय्यम हा नव्हताच. करणारा कोणाचा, हा होता. कामाच्या जातीवरून माणसाचा मालक ठरविण्याची ही रीत आम्हांस ओळखीची वाटते. आपल्या समाजाने ती फार जुन्या काळापासून वापरली आहे. रांगेत कोणती कामे आहेत ते पुन्हा एकदा पाहिले तरी पुरे.

कारखानदारांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ज्याला रसायने कळतात त्याला स्वयंपाकघर चालवता येईलच असे नाही. खानपानाच्या धंद्यात निष्णात कंपन्या आहेत, त्या चार ठिकाणी काम घेतात, माणसे शिकवतात, ती इकडून तिकडे पाठवतात. अशा खऱ्या व्यावसायिकाचे काम बंद करावे असे आमचे म्हणणे नाही. आमची कसोटी साधी आहे, आणि ती नागोठण्याच्या यादीतूनच घेतली आहे. ठेका संपला त्या दिवशी ठेकेदार आपली माणसे घेऊन गेला, त्यांना दुसरीकडे काम दिले, तर ती त्याची. ठेकेदार गेला आणि माणसे तेथेच राहून नव्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढली, तर ती त्या जागेची. त्यासाठी सहा कसोट्या लागत नाहीत.

कामगार संघटनांनाही काही विचारले पाहिजे. १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी तीस टक्के सभासद लागतात, नव्या संहितेत एकमेव वाटाघाटी संघ व्हायचे तर एकावन्न. ही टक्केवारी कारखान्याच्या हजेरीपटावरील माणसांची. कंत्राटी माणूस त्या हिशेबात नाही, म्हणून मतातही नाही, म्हणून करारातही नाही. कायम कामगारांचा वेतनकरार होतो, पेढे वाटले जातात. ते पेढे ज्या कॅन्टीनमध्ये खाल्ले जातात तेथल्या वाढप्याची मागणी मागण्यांच्या यादीत शेवटच्या पानावर असते, आणि वाटाघाटीत शेवटची पाने आधी फाटतात. आमच्या पट्ट्यात तर पुष्कळदा ठेकेदार गावचा, मुकादम भावकीतला, आणि संघटनेचा पुढारी त्या दोघांच्या पंगतीला. भूमिपुत्रांना काम द्या ही मागणी आम्हांस मान्य आहे. पण 'काम' ह्या शब्दाचा अर्थ 'ठेका' असा कधी झाला ते कोणाच्या लक्षातही आले नाही. जमीन गेलेल्या चाळीस घरांऐवजी एका घराला ठेका मिळाला आणि उरलेली एकोणचाळीस त्याच्या हाताखाली राबू लागली, तर खोत नव्याने जन्माला आला एवढेच.

अलीकडच्या काही निकालांत वारा थोडा फिरल्यासारखा वाटतो. २०२४ च्या मार्चमध्ये महानदी कोलफिल्ड्सच्या प्रकरणात बारमाही काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना कायम केल्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जग्गो विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना नियमित करताना तात्पुरत्या नेमणुका आणि बाहेरून माणसे घेण्याच्या पद्धतीविषयी न्यायालयाने कडक शब्द वापरले. आनंद आहे. पण ही सरकारी आस्थापने. धाटाव किंवा नागोठण्याच्या फाटकाआड ते शब्द कितपत पोहोचतील ह्याविषयी आम्ही साशंक आहोत. एकेका निकालाच्या दयेवर हा प्रश्न ठेवण्यात अर्थ नाही.

कुळकायद्यासारखे गृहीतक हवे. एखाद्या आस्थापनेच्या आवारात जो माणूस ठेकेदार बदलूनही सलग काम करीत राहिला आहे, तो त्या आस्थापनेचा कामगार मानला जाईल; नाही असे मालकाचे म्हणणे असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. करारपत्र त्याच्याकडे, बिले त्याच्याकडे, फाटकावरची नोंदवही त्याच्याकडे. पुरावा ज्याच्या हातात त्याच्यावर भार, ह्यात जगावेगळे काही नाही. संसदेने असे कलम घालावे ही मागणी मोठी आहे आणि ती लगेच मान्य होईल असा भ्रम आम्हांस नाही.

तोपर्यंत एक लहान गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती मुंबईतच होऊ शकते. संहितेने जे नेमणूकपत्र सक्तीचे केले, त्यात काय माहिती असावी आणि त्याचा नमुना कसा असावा हे समुचित शासनाने नियमांनी ठरवायचे आहे. आमच्या भागातील बहुतेक खाजगी कारखान्यांपुरते ते शासन म्हणजे महाराष्ट्र शासन. आजच्या रीतीप्रमाणे कंत्राटी माणसाला पत्र मिळेल ते ठेकेदाराचे, आणि उद्या तेच पत्र 'हा माझा नव्हे' ह्या म्हणण्याचा पुरावा म्हणून मालक न्यायाधिकरणापुढे ठेवील. त्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत: काम प्रत्यक्ष कोणत्या आस्थापनेत, आणि त्या आस्थापनेच्या फाटकातून हा माणूस प्रथम कोणत्या तारखेला आत आला. सातबाऱ्यावर कुळाच्या नावासाठी जागा असते, तशी ही जागा. ठेकेदार बदलला की पत्र नवे, पण ती तारीख जुनीच. पेण, रोहा आणि अलिबाग तालुक्यांतील संघटनांनी कामगार आयुक्तांकडे न्यायचे निवेदन ह्या दोन रकान्यांचे असावे, आणि तोवर आपापल्या सभासदांचे जुने गेटपास, हजेरीची कार्डे, भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या एका पेटीत जमा करायला आजपासून लागावे.